दिवेलागणीनंतरचे पांढरे

"नाव घेतल्यानं जे होते म्हणतात, ते मोठं, का नाव न घेतल्यानं जे होऊन गेलं, ते मोठं? तुम्ही शिकलेले आहा, सांगा मले."

प्रयागबाई डांगोरे यांनी हा प्रश्न २०२१ च्या फेब्रुवारीत, नागपूर-सावनेर रस्त्यालगतच्या आपल्या गिरणीच्या ओट्यावर बसून विचारला होता. विदर्भातील निषिद्ध शब्दांची टिपणे करण्यासाठी गेलेल्या प्रस्तुत लेखकाला त्याचे उत्तर देता आले नाही, आजही देता येत नाही. तो प्रश्न त्यांच्या तोंडी कसा आला, तेवढे मात्र सांगता येईल.

डांगोरे यांची गिरणी जनावरांच्या खाद्याची आहे. पत्र्याचे उंच छप्पर, त्याखाली मका आणि ढेप भरडणारे एक यंत्र आणि त्याच्या शेजारी मिसळणीचा आडवा लोखंडी पिंप; त्याच्या पोटात पाती फिरतात. सरकीची ढेप, मक्याचा भरडा, सोयाबीनची चुरी, तुरीची चुनी, साखर कारखान्यातून येणारी पातळ मळी आणि मीठ, एवढ्या वस्तू एकत्र होऊन येथून आसपासच्या गावांतील गोठ्यांत जातात. प्रयागबाईंचे पती देवाजी यांनी आधी पिठाची चक्की घातली होती. शेतकरी दळणासोबत ढेपही मागू लागले, तेव्हा त्यांनी हा जोडधंदा धरला आणि काही वर्षांत तोच मुख्य धंदा झाला. पिंप येण्यापूर्वी सगळी मिसळण जमिनीवर, फावड्याने होई, आणि फावडे प्रयागबाईंच्या हातात असे. मूठभर खाद्य उचलून तळव्यावर चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि मग "भरा" म्हणायचे, हा त्यांचा अधिकार पिंप आल्यानंतरही कोणी काढून घेतला नाही.

त्यांचा जन्म १९५१ चा, कन्हान नदीकाठच्या एका लहान गावातला. नऊदहा वर्षांच्या असताना एका संध्याकाळी आईने त्यांना शेजारी मीठ आणायला पाठवले. दिवा लागल्यावर मीठ मागू नये, देऊ नये आणि त्याचे नावही घेऊ नये, दुभत्या जनावराचे दूध आटते, हा त्या भागातला जुना समज. आई स्वयंपाकाच्या घाईत विसरली असावी. मुलीला तर तो ठाऊकच नव्हता. तिने अंगणातूनच हाक दिली, "काकू, मीठ द्या वं!" शेजारणीने दार लावून घेतले. त्यानंतर थोड्याच दिवसांत घरची गाय दूध देईनाशी झाली. गाय म्हातारी होती, हे प्रयागबाईंना पुष्कळ वर्षांनी उमगले; परंतु आजीने जो शिक्का मारला तो पुसला गेला नाही. "हिनं गाय आटवली" हे वाक्य पाहुण्यांपुढे उच्चारले जाई, सणाला उच्चारले जाई, लग्नाच्या मांडवात वराकडच्या मंडळींसमोरही ते कुणाच्या तरी तोंडून निसटले. "मारलं असतं तं विसरली असती मी," प्रयागबाई म्हणाल्या. "पण मारत नव्हते. हासत होते."

ती भीती घेऊन त्या डांगोरे यांच्या घरात आल्या, आणि आल्या त्या जनावरांच्याच धंद्यात. उभ्या पंचक्रोशीचे दूध आपल्या फावड्याखालून जाते, ही जाणीव त्यांना कधी सुखाची झाली नाही. गाय आटल्यापासून माहेरी दिवा लागल्यावर मिठाला 'गोड' म्हणत. त्यांनीही तोच शब्द घरात आणि गिरणीत चालवला. मात्र गिरणीत मळी होती आणि मळी खरोखरीच गोड असते. रुपराव नावाचा मजूर कामावर नवा लागला होता, तेव्हाची गोष्ट घरात अजून सांगतात. प्रयागबाईंनी सांजचे "गोड टाक गा" म्हटले आणि रुपरावाने ढिगावर मळीची बादली उपडी केली.

"अरे, हे काय केलं?"

"तुम्हीच म्हणल्या न मावशी, गोड टाक."

"ते गोड नाही गा. ते गोड!"

"तुमचं गोड खारं अन् आमचं गोड गोड," रुपराव म्हणाला. "मले पगार तरी खरा देजा, मावशी. तोही उलटा नका देऊ."

देवाजी पोट धरून हसले आणि त्यांनीच तोडगा काढला. मीठ पांढरे असते. गिरणीत दुसरे काहीच पांढरे नाही. तेव्हा दिवा लागल्यावर त्याला 'पांढरं' म्हणावे. पर्यायी शब्द टिकण्यासाठी तो एकाच वस्तूकडे बोट दाखवणारा असावा लागतो, हे भाषेचे तत्त्व त्यांनी व्यवहारातून अचूक ओळखले होते. पुढे अनेक वर्षे त्या शब्दाने कुणाचा घात केला नाही.

देवाजी वारल्यानंतर गिरणी त्यांचा मुलगा मार्तंड आणि सून हर्षा यांच्याकडे आली. हर्षा नागपुरातील सक्करदऱ्याची, वाणिज्य शाखेची पदवीधर. तिने दुभत्या जनावरांसाठी वेगळे खाद्य काढले आणि त्यासाठी गिरणीत युरिया आला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात थोडासा युरिया प्रथिनांचे काम करतो. प्रमाण वाढले की तोच विष होतो. म्हणून युरियाला फक्त मार्तंड हात लावी. एका लहान डब्याने तो मोजून घेई, इतर जिनसांत आधी कालवी आणि मगच पिंपात सोडी. त्या वेळी तो कुणाला जवळ उभे राहू देत नसे. ही काळजीच पुढे अंगावर आली, कारण किती युरिया टाकायचा हे त्याच्याशिवाय गिरणीत कुणी पाहिलेले नव्हते. आणि युरिया पांढरा असतो, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, कारण पिंप आल्यापासून मिसळण दिवसाच उरके आणि दिवसा मिठाला सगळे मीठच म्हणत.

२०१८ च्या हिवाळ्यात हा क्रम बिघडला. तीन फेजची वीज दुपार उलटल्यावर येऊ लागली. भरडणे उशिरा सुरू होई आणि डिसेंबरच्या आखूड दिवसांत मिसळण संपेपर्यंत अंधार पडे. प्रयागबाई अस्वस्थ असत. दिवा लावून झाला की त्या ओट्यावर येऊन बसत आणि पिंपाकडे पाहत राहत.

त्या दिवशी भरड्याच्या यंत्राचे बेअरिंग गेले म्हणून मार्तंडला दुपारी नागपूर गाठावे लागले. जाताना त्याने रुपरावाला सांगितले, "आज युरिया तूच टाकजो. किती, ते आईले विचारजो." आईला हे सांगायचे मात्र राहून गेले. आई सगळ्याच जिनसांचे प्रमाण सांगते, हेही सांगेल, असे त्याने गृहीत धरले. रुपरावाने मका, ढेप, चुरी टाकली. मीठही उजेड होता तोवर, प्रयागबाई घरात असतानाच, नेहमीच्या मापाने टाकले. उरला युरिया. तोपर्यंत प्रयागबाईंनी तुळशीपाशी दिवा लावला होता. रुपराव पिंपाजवळून ओरडला,

"मावशी, पांढरं किती टाकू?"

"तीन घमेले," त्या ओट्यावरून म्हणाल्या. दुभत्या खाद्याच्या एका मिसळणीला तीन घमेली मीठ लागते.

रुपरावाने तीन घमेली युरिया टाकला.

प्रयागबाईंनी अंधारात मूठभर चोळून, हुंगून 'भरा' म्हटले, कोरड्या युरियाला वास येत नाही; टेम्पो भरला गेला आणि गावांकडे निघून गेला. मार्तंड परतला तेव्हा रुपराव हातपाय धूत होता. मार्तंड बेअरिंग ठेवायला आत गेला आणि तेथूनच त्याने विचारले, "रुपराव, युरियाचं पोतं असं काहून बसलं?"

"टाकला न, दादा. तीन घमेले."

"घमेले?" मार्तंड बाहेर आला. "डबा गा! डबा टाकतो आपण, डबा!"

"मले काय माहीत तुम्ही कायनं टाकता ते? तुम्ही तं उभं राहू देत नाही जवळ. मावशीले विचारलं, मावशीनं सांगतलं तीन घमेले."

"म्या पांढरं सांगतलं," प्रयागबाई म्हणाल्या.

"मीही पांढरंच विचारलं, मावशी."

"मग युरिया का नाही म्हणाला तू?" हर्षाने विचारले.

रुपरावाचा चेहरा उतरला. "अंधार झाला होता न, वहिनी. मले वाटलं, तुमच्या घरी सांजचं सगळ्याच पांढऱ्याचं नाव वर्ज्य असन. मान ठेवला मी."

हर्षा सासूकडे वळली. "आई, तुम्ही कोणतं पांढरं सांगितलं?"

"आपलं पांढरं."

"आपलं म्हणजे कोणतं? नाव घ्या आई, आता नाव घ्या!"

प्रयागबाईंनी तोंड उघडले. ओठ हलले, शब्द आला नाही. त्या आत गेल्या, स्वयंपाकघरातून मूठ भरून आणली आणि मुलापुढे उघडली. तळव्यावरचे मीठ पाहताच मार्तंडने गिऱ्हाइकांची वही हर्षाकडे दिली.

पोती मोजक्याच घरी उतरणार होती. हर्षाने एकेक दूरध्वनी लावायला घेतला. एका घरून थट्टेचा आवाज आला, "काहून सूनबाई, परत मांगून राहिली? ढेपेत सोनं पडलं का?"

"विष पडलं, काका."

 पलीकडून पोते ओढल्याचा आवाज आला. त्या घरचे खाद्य उघडलेले नव्हते. दुसऱ्या घरचेही नव्हते. बहुतेकांनी सकाळच्या धारेसाठी ठेवले होते. राहिले महादेवराव ढोके. त्यांचा दूरध्वनी वाजत होता आणि कुणी उचलत नव्हते.

महादेवरावांची म्हैस चार दिवसांपूर्वी व्याली होती. व्यालेल्या म्हशीला खाद्य कोमट पाण्यात भिजवून सांजचेच घालावे, थंडीत तिला ऊब राहते, हे त्यांना प्रयागबाईंनीच गेल्या आठवड्यात, याच ओट्यावरून सांगितले होते. आता ते वाक्य प्रयागबाईंना आठवले. "तो आजच घालते," त्या म्हणाल्या. "माझं आइकते तो."

मार्तंडने मोटारसायकल काढली. आईने मागे बसू नये असे त्याला वाटत होते; त्या आधीच बसल्या होत्या. गाव जवळच होते, तरी संत्र्याच्या बागांमधला तो कच्चा रस्ता त्यांना संपता संपेना. वाटेत ज्या ज्या गोठ्यात दिवा दिसे तेथे त्यांची नजर जाई: जनावर उभे आहे की बसले आहे? काही ठिकाणी नुसता खुंटा दिसे, तेव्हा त्या मागे वळून पाहत. देवाचे नाव त्यांना सुचले नाही. महादेवराव विचारील, काय घातलं, आणि आपल्याला मिठाचे नाव घेऊन सांगावे लागेल, एवढेच मनात होते. तो शब्द त्यांनी मनातल्या मनात जुळवून पाहिला. पहिल्या अक्षराच्या पुढे जाता येईना. "पोराच्या पाठीले डोकं टेकून मी नुसती ओठ मिटून बसली होती," त्यांनी सांगितले. "थंडीनं दात वाजून राहिले, असं त्याले वाटलं असन."

महादेवरावांच्या अंगणात शिरताच उग्र वास आला. कच्च्या सोयाबीनची चुरी आणि युरिया पाण्यात एकत्र भिजले की असा वास सुटतो. महादेवराव गोठ्याच्या दारात बादली घेऊन उभे होते.

"या वं वहिनी! एवढ्या सांजचं? फोन घरात वाजून राहिला वाटते. मी इथं ह्या राणीच्या सेवेत." ते हसले. "तुमचं खाद्य आज लय वास मारून राहिलं बापा. पण हिनं अर्धी बादली ओढली. भुकेली होती."

मार्तंडने बादली हिसकावून घेतली. म्हैस उभी होती. तिचे कान फडफडत होते, ओठांना फेस होता आणि डाव्या कुशीचा भाग भरून आला होता. शेजारी बांधलेले पारडू गळ्याची दोरी ताणून तिच्याकडे धडपडत होते. महादेवरावांच्या पत्नी शामलाबाई तुळशीपाशी नुकताच दिवा लावून आल्या होत्या.

"काय हाय गा त्याच्यात?" महादेवरावांनी विचारले. हसू गेले होते.

"काका, मिसळणं जरासं चुकलं..." मार्तंड सांगू लागला.

"जरासं म्हणजे? काय घातलं, ते सांग न!"

"म्हणजे, जास्तीचं थोडं..."

मुलगा शब्द शोधतो आहे आणि तेवढ्यात म्हैस मरते आहे, असे प्रयागबाईंना दिसले. त्या पुढे झाल्या.

"मीठ सांगतलं मी, भाऊ," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तीन घमेले मीठ. अन् मिठाच्या जागी युरिया पडला. आता डॉक्टरले फोन करा."

दिवा लागल्यानंतर त्यांनी तो शब्द उच्चारला, तो वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षानंतर प्रथमच, आणि तोही दुभत्या जनावरासमोर. शामलाबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. तेवढ्यात म्हशीचे पुढचे पाय वाकले आणि ती खाली बसली.

जनावरांच्या डॉक्टरांनी दूरध्वनीवरून सांगितले की थंड पाणी भरपूर पाजा, सिरका असेल तर सिरका, नसेल तर आंबट ताक; मी निघालो. शामलाबाईंनी घरातले सगळे ताक आणले. मार्तंड जबडा धरून होता, महादेवराव बाटलीने ओतत होते, बरेचसे गळ्यावरून ओघळून जात होते. प्रयागबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि कातडीखालचा थरकाप त्यांच्या तळव्याला जाणवत होता. डॉक्टर पोहोचायच्या आत तो थांबला.

 महादेवराव उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच प्रयागबाईंना तो जास्त लागला.

"वहिनी, ते नाव तुम्ही काहून घेतलं?"

मार्तंड चमकला. "काका, युरियानं गेली ती. तुमच्या डोळ्यांदेखत अर्धी बादली खाल्ली तिनं."

"ते पाह्यलं मी. मी काय आंधळा आहो?" महादेवराव म्हणाले. "पण ती उभी होती गा. उभी होती! तुझ्या मायनं दिवा जळत असताना माझ्या गोठ्यात नाव घेतलं, अन् ती बसली. तूही पाह्यलं. का नाही पाह्यलं?"

मार्तंडच्याही डोळ्यांसमोर घडले होते तसेच. क्रम महादेवराव म्हणत होते तोच होता. कारण तेवढे वेगळे होते. प्रयागबाईंनी ते वेगळेपण कुणालाही समजावले नाही. त्यांना स्वतःला ते पटलेले नव्हते.

पोलिसांत कुणी गेले नाही, भांडणही झाले नाही. डांगोरे यांनी आपल्या दावणीची एक दुभती म्हैस महादेवरावांना देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही. "तिनंही ते नाव आइकलं असन तुमच्या घरी," एवढाच निरोप आला. पारडू त्यांनी गाईच्या दुधावर वाढवले. इतर गिऱ्हाइके काही आठवड्यांनी परतली. पोती वेळेवर परत मागवली म्हणून काहींनी हर्षाचे आभारही मानले. महादेवरावांनी मात्र त्यानंतर सावनेरच्या बाजारातून ढेप आणायला सुरुवात केली. गिरणीवरून जाताना ते मान वळवत नसत, पण बैलगाडी हाकत असले तर त्या ठिकाणी बैलांना जरा जोरात हाकत, असे रुपराव सांगतो.

गिरणीत बदल झाले. युरियाला कुलूप लागले आणि तो केवळ उजेडातच काढायचा असे ठरले. मिठात गेरू कालवून ते तांबूस करून ठेवू लागले. त्याला आता चोवीस तास 'लाल' म्हणतात, म्हणजे नाव घेण्याचा प्रसंगच नको. रुपराव त्यावरही बोलतो, "आता लाल मळी नका आणजा, दादा," परंतु हे तो प्रयागबाई ओट्यावर नसताना बोलतो.

आणि त्या घटनेपासून सांजचे प्रयागबाई ओट्यावर नसतातच. दिवा लागला की घरात येतात आणि शक्यतो बोलत नाहीत. जेवायला वाढू का विचारले तर मान हलवतात. कधी कुणी पाहुणा आला आणि बोलणे भागच पडले, तर प्रत्येक शब्दाआधी थबकतात. जणू कोणता शब्द कुठल्या गोठ्यात जाऊन पडेल, याचा अंदाज घेत असाव्यात. हर्षाला हे सहन होईना. एकदा संध्याकाळी स्वयंपाक करता करता तिने मुद्दाम स्पष्ट शब्दांत म्हटले, "आई, मीठ संपलं." हेतू चांगला होता, म्हटल्याने काही होत नाही, हे त्यांनी स्वतः पाहावे. प्रयागबाई उत्तर न देता उठल्या आणि मागे गोठ्यात गेल्या. बराच वेळ परत आल्या नाहीत म्हणून हर्षा पाहायला गेली. त्या अंधारात दोन गाईंच्या मधोमध उभ्या होत्या, एक हात एकीच्या पाठीवर, दुसरा दुसरीच्या पाठीवर, आणि कातडीखाली थरथर सुरू होते का ते तपासत होत्या.

"माझा विश्वास नाही," हर्षाने नंतर सांगितले. "शिकलेय मी, कारण काय ते मला कळतं. पण संध्याकाळी तो शब्द आता मीही म्हणत नाही. त्या तिथं ज्या तऱ्हेनं उभ्या होत्या, ते मला पुन्हा पाहायचं नाही."

प्रयागबाईंनी आरंभीचा प्रश्न विचारला तो दुपारी, लख्ख उन्हात. तेव्हाही 'नाव' म्हणताना त्यांनी कोणते नाव ते सांगितले नाही. उत्तराची वाट पाहून त्या उठल्या, पिंपातून मूठभर खाद्य काढले, तळव्यावर चोळले, नाकाशी नेले. मग पुन्हा चोळले. रुपराव पोती घेऊन उभा होता. "भरा" हा शब्द त्यांच्या तोंडून यायला पूर्वीपेक्षा पुष्कळ वेळ लागला.

महादेवराव ढोके यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये डांगोरे यांच्या गिरणीतून पुन्हा खाद्य नेण्यास सुरुवात केली, असे हर्षाने कळवले; नेतात मात्र दिवस मावळायच्या आत.